48 प्लॉट, 135 चुली: जुळे सोलापुरातल्या एका कॉलनीचं प्रकरण

2021 ची दिवाळी झाली आणि आठवड्याभरात बाईंचा फोन आला. "जरा येऊन जावा की ओ, घराचं बोलायचंय." बाई आमच्याच कॉलनीतल्या, चार घरं सोडून राहणाऱ्या, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. यजमान जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा पुण्यात नोकरीला. मी गेलो तेव्हा त्या ओट्यावर सूप घेऊन ज्वारी निवडत बसल्या होत्या. सूप बाजूला न ठेवताच त्यांनी सांगितलं, की एक बिल्डर जागा मागतोय, खाली पार्किंग आणि वर तीन मजले, सहा फ्लॅट, त्यातले दोन त्यांचे. नकाशा मी करावा अशी त्यांची इच्छा होती. "बाहेरच्याला काय ठाऊक आमचं घर? तुम्ही इतकी वर्षं बघताय ते."

खरं होतं ते. पंचवीस वर्षं सिव्हिल इंजिनिअर म्हणून मी लोकांच्या घरांचे नकाशे करतो आणि त्यातली वीस याच कॉलनीत राहतो.

त्याच दिवशी संध्याकाळी बाईंच्या पूर्वेकडचे शेजारी माझ्या दारात आले. काका रेल्वेतून निवृत्त झालेले. चहा घेतला नाही, उभ्या उभ्याच बोलले. "तुम्ही नाही केलं तर दुसरा कोणी करणारच. पण तुम्ही करू नका. अपार्टमेंट आली की कॉलनी गेली."

दोघंही माझेच शेजारी. दोघांचंही म्हणणं मला त्या रात्री पटत होतं. पुढे दीड वर्ष जे घडलं आणि इमारत उभी राहिल्यावर जे दिसलं ते इथे मांडतो. सोलापूरच्या हद्दवाढ भागात अशी शेकडो घरं याच वळणावर उभी आहेत. त्यांचा निर्णय घेणाऱ्याला आमच्या चुका तरी कळाव्यात.

कॉलनी कुठून आली

जुनं सोलापूर दाट होतं. पेठांमधले माळवदाचे वाडे, 1877 साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीच्या आणि तिच्या मागून आलेल्या गिरण्यांच्या आसऱ्यानं वाढलेल्या चाळी, पूर्व भागात एकाच छपराखाली माग आणि संसार. 1991 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 6,04,215 होती आणि हद्द सुमारे 33 चौरस किलोमीटर. म्हणजे एका चौरस किलोमीटरला अठरा हजारांच्या वर माणसं. 1992 मध्ये हद्दवाढ झाली, आजूबाजूची गावं आत आली आणि क्षेत्र 178.57 चौरस किलोमीटर झालं. 2011 ला लोकसंख्या 9,51,558. भागाकार केला तर किलोमीटरला सव्वापाच हजारांच्या आसपास. माणसं दीडपट झाली आणि सरासरी घनता तिपटीहून जास्त उतरली.

ही सरासरी कोणाच्याच घराला लागू पडत नाही. साखर पेठेतल्या वाड्यात ती खोटी आहे आणि सोरेगावच्या पलीकडच्या रानातही खोटी आहे. पण ती एक गोष्ट बरोबर सांगते. 1992 नंतर सोलापूरकराला पहिल्यांदा जागा मिळाली, आणि त्या जागेत त्यानं प्लॉट पाडले. विजापूर रोड आणि होटगी रोडच्या मधल्या पट्ट्यात, ज्याला आपण जुळे सोलापूर म्हणतो, तिथे शिक्षक, रेल्वेवाले, बँकवाले, एसटीवाले यांनी सोसायट्या केल्या आणि दोन-दोनशे चौरस मीटरचे प्लॉट घेतले. आमची कॉलनी त्यातलीच. साधारण चार एकरांचा ले-आउट, 48 प्लॉट, मधोमध मोकळी जागा, तिथे मारुतीचं देऊळ, आणि नकाशावर 9 मीटरचे अंतर्गत रस्ते.

इथे आलेला प्रत्येक जण वाड्यातून किंवा चाळीतून आला होता. स्वतःची विहीर नसली तरी स्वतःचा हौद, स्वतःचा ओटा, दारात कडुलिंब, उन्हाळ्यात गच्चीवर टाकलेल्या गाद्या. आयुष्यभर दुसऱ्याच्या जिन्यावरून चढलेल्या माणसाला हे केवढं होतं, ते मी माझ्या वडिलांच्या चेहऱ्यावर बघितलंय. म्हणून काकांचं "कॉलनी गेली" हे वाक्य मी कधीच हलकं समजलो नाही.

बंगला एकटा नव्हता

या प्रकरणात मी सगळ्यात आधी एक मोजणी केली. दारांवरच्या पाट्या मोजून उपयोग नसतो. मी विजेचे मीटर मोजले आणि जिथे एका मीटरवर दोन संसार होते तिथे दूधवाल्याला विचारलं. त्याच्या वहीत कोणाकडे किती आणि कोणाच्या नावावर हे चोख असतं. 2004 साली मी इथे राहायला आलो तेव्हाची स्थिती जुन्या लोकांबरोबर बसून, घरागणिक आठवून लिहून काढली.

2004 मध्ये 34 प्लॉटवर घरं होती. बाहेरून बघणाऱ्याला 34 कुटुंबं वाटली असती. चुली होत्या 71. कारण जवळजवळ प्रत्येक मालकानं मागे किंवा बाजूला एक-दोन खोल्या काढून भाडेकरू ठेवले होते. कर्जाचा हप्ता भाड्यातून निघायचा. मालकाच्या 34 चुली, भाडेकरूंच्या 37.

ही मोजणी इमारत पूर्ण झाल्यावर 2024 मध्ये मी पुन्हा केली. 47 प्लॉटवर बांधकाम. त्यातल्या 13 प्लॉटवर अपार्टमेंट, त्यात 82 फ्लॅट. उरलेल्या 34 घरांत मालकाच्या 34 आणि भाड्याच्या खोल्यांमधल्या 19. एकूण 135.

कॉलनीत भांडण चालतं ते 71 च्या 135 झाल्या यावर. मला जास्त बोचला तो दुसरा आकडा, 37 चे 19 झाले तो. त्याबद्दल मीटिंगमध्ये एकानंही तोंड उघडलं नाही, कारण ज्यांच्या खोल्या गेल्या ते मीटिंगला नव्हते. भाडेकरूला सोसायटीच्या मीटिंगला कोण बोलावतं?

बाईंच्या घरातच बघा. पुढे हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर. मागच्या बाजूला ओळीनं तीन खोल्या, त्यातल्या दोन एका रिक्षावाल्या मामांकडे आणि एक सिस्टरकडे. मामांच्या घरी पाच माणसं. मामी दुपारी दारात पाय पसरून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. एका घरात दोन बायका दोन सुपं घेऊन बसलेल्या असायच्या. एकीच्या सुपात ज्वारी, दुसरीच्या सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. सिस्टर एका खासगी दवाखान्यात रात्रपाळी करायच्या, शाळकरी मुलगी सोबत. रात्री मुलगी बाईंच्या हॉलमध्ये झोपायची. बाई तिचा अभ्यास घ्यायच्या, सिस्टर बाईंचं बीपी बघायच्या. हा व्यवहार कुठल्या करारात लिहिलेला नव्हता.

सिस्टरची खोली मी मोजली होती. दहा फूट बाय चौदा, कोपऱ्यात मोरी, खिडकीखाली शेगडीचा कट्टा. 140 चौरस फूट, म्हणजे 13 चौरस मीटर. हा आकडा पुढे पुन्हा येणार आहे.

तेव्हा त्या 200 मीटरच्या प्लॉटवर 3 चुली आणि 8 माणसं आधीच होती. "बंगल्याच्या जागी सहा फ्लॅट" असं आम्ही म्हणत होतो तेव्हा हिशेब चुकत होता. एकाचे सहा होत नव्हते, तिनाचे सहा होत होते. आणि त्या तिनातले दोन बाहेर जाणार होते.

नियमात काय बसतं

डिसेंबर 2020 मध्ये बांधकामासाठी राज्याची एकत्रीकृत नियमावली आली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. तिच्याप्रमाणे बाईंच्या प्लॉटचा हिशेब असा. मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, 1.1, म्हणजे 220 चौरस मीटर. निवासी बांधकामाला त्यावर 60 टक्क्यांपर्यंत अ‍ॅन्सिलरी एफएसआय, म्हणजे जोड-बांधकामाचा हक्क, जादा शुल्क (अधिमूल्य) भरून मिळतो, ते 132. एकूण 352. पूर्वी बाल्कनी, जिना वगैरे मोजणीतून सुटायचे, आता ते आत धरले जातात, त्यामुळे आकडा मोठा दिसला तरी सगळाच राहायला मिळत नाही.

प्लॉट 12 मीटर रुंद आणि 16.7 मीटर खोल. पुढे तीन मीटर, मागे आणि दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर सोडलं की मजल्याला जवळपास 110 चौरस मीटर उरतात. तीन मजले 330. बिल्डरनं बरोबर तेवढंच मागितलं होतं. प्रत्येक मजल्यावर पुढे एक टू बीएचके, मागे एक वन बीएचके.

यापेक्षा वर जायचं तर प्रीमियम एफएसआय (शुल्क भरून मिळणारा वाढीव) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा, विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) घ्यावा लागतो, आणि त्याची दारं रस्ता 9 मीटर असेल तरच उघडतात. काकांचा सगळा भर यावर होता. ते म्हणाले, आपला रस्ता 9 मीटरचा नाहीच. मी रविवारी सकाळी टेप घेऊन गेलो, एक टोक त्यांनीच धरलं. बाईंच्या फाटकासमोर रस्ता भरला साडेसात मीटर. पायऱ्या, रॅम्प, फुलझाडांसाठी बांधलेले वाफे, गाडी धुवायचा कट्टा. दोन्ही बाजूंनी मिळून दीड मीटर आम्हीच खाल्लेला होता. काकांच्या पायरीनं त्यातला दोन फूट. काका काही बोलले नाहीत, टेप गुंडाळून माझ्या हातात दिली.

मंजूर ले-आउटमध्ये रस्ता 9 मीटर आहे आणि परवानगीसाठी तोच धरला जातो. म्हणजे कागदावरचा रस्ता दाखवून उद्या कोणी आणखी मजले चढवू शकतो, आणि त्या मजल्यांच्या गाड्या मात्र साडेसात मीटरमधून जाणार. बाईंच्या इमारतीला त्या वाढीव एफएसआयची गरजच नव्हती. पण पुढच्या येणाऱ्याला लागेल. म्हणून त्या रविवारी मी काकांना सांगितलं की इमारत अडवण्यापेक्षा रस्ता मोकळा करणं जास्त गरजेचं आहे. तेव्हा त्यांना ते आवडलं नाही.

आणखी एक गोष्ट फ्लॅट घेणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेवर किंवा 8 पर्यंत फ्लॅट असलेल्या प्रकल्पाला रेरा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या कायद्याखालच्या नोंदणीची सक्ती नाही. जुळे सोलापुरातली अशी बहुतेक छोटी अपार्टमेंट या मापात बसतात. त्यामुळे ताबा कधी, टाकी केवढी, पार्किंग कोणाचं, हे सगळं करारनाम्यात नीट लिहून घेणं एवढाच आधार उरतो. बाईंच्या करारात आम्ही टाकीचं माप लिटरमध्ये लिहिलं. "पाण्याची सोय" असा शब्द मी खोडायला लावला.

एक बादली, सव्वा मिनिट

सोलापुरात घराचा नकाशा पाण्यापासून सुरू करावा लागतो. उजनीतून सुमारे 110 किलोमीटरचा प्रवास करून पाइपनं पाणी येतं, टाकळीहून भीमेचं येतं, हिप्परग्याच्या एकरूख तलावाचं येतं, आणि तरीही या प्रकरणाच्या वेळी नळाला ते चार-पाच दिवसांआड सुटायचं. ज्या शहरात रोज पाणी येतं तिथला माणूस फ्लॅट बघताना खिडकीतून काय दिसतं ते विचारतो. आपल्याकडची बाई पहिल्यांदा हौद कुठाय ते विचारते, आणि तिचंच बरोबर आहे.

पाणी सुटलं त्या पहाटे मी बाईंच्या अंगणात घड्याळ घेऊन उभा राहिलो. अर्धा इंची नळ, पंधरा लिटरची बादली. भरायला सव्वा मिनिट लागलं. मिनिटाला 12 लिटर. तीन तास पाणी राहिलं तर 2,160 लिटर. हे पाच दिवस आठ माणसांना. माणशी दिवसाला 54 लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण धरतात ते 135 लिटरचं. उरलेलं सगळं बोअरमधून, आणि आमच्याकडचं बोअरचं पाणी इतकं जड की डाळ शिजत नाही. ते धुण्याभांड्याला.

आता सहा फ्लॅट, प्रत्येकी पाच माणसं धरली तर 135 च्या प्रमाणानं दिवसाला 4,050 लिटर आणि पाच दिवसांना 20,250. अर्धा इंचीच्या जागी इंची कनेक्शन घेतलं की पाणी जास्त ओढता येतं. पण ओढणार कुठून? गल्लीतली लाइन चार इंची, आणि ती टाकली तेव्हा 34 घरं होती. एका टोकाला कोणी जास्त ओढलं की दुसऱ्या टोकाचं पाणी तासभर उशिरा येतं आणि अर्धा तास आधी जातं. पाणी सुटल्यावर गल्लीत एकेक मोटार सुरू होते, तिचा आवाज ऐकून शेजारचा आपली सुरू करतो, आणि ज्याच्याकडे मोटार नाही त्याच्या नळातून नुसती हवा फुसफुसते. शहरापर्यंत कितीही जास्त पाणी आणलं तरी गल्लीतली चार इंची लाइन आपोआप मोठी होत नाही.

काकांची खरी तक्रार इथे होती. "कॉलनी गेली" हे त्यांनी वर वर म्हटलेलं होतं. त्यांचं घर लाइनच्या शेवटाला आहे. घरात अंथरुणाला खिळलेली आई. पाण्याच्या दिवशी ते पहाटे साडेतीनला उठतात. हे त्यांनी मीटिंगमध्ये कधीच सांगितलं नसतं. त्या टेपच्या रविवारी परत येताना सांगितलं.

बांधकामाची परवानगी चौरस मीटरमध्ये मिळते. किती मीटर बांधणार, किती सोडणार, किती उंच नेणार. त्या मीटरमध्ये किती चुली पेटणार आणि गल्लीतली लाइन किती चुलींची आहे, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघण्याची सवय आम्हा इंजिनिअर लोकांना लागलेली नाही. मलाही नव्हती. कॉलनीतल्या आधीच्या बारापैकी तीन इमारतींचे नकाशे माझ्याच हातचे आहेत, आणि त्या तिन्हींत मी हौद "जागा उरेल तिथे" दाखवला होता.

देवळातली मीटिंग

जानेवारीत मारुतीच्या देवळासमोर सतरंजी टाकून बसलो. पंचवीस-तीस माणसं. पार्किंग, ऊन, आडोसा, अनोळखी लोकांची ये-जा, ड्रेनेज, सगळं निघालं. त्यातलं पुष्कळसं भीतीपोटी होतं आणि थोडं फार खरं. ड्रेनेजचं खरं होतं. सहा इंची लाइन दोनदा तुंबलेली होती.

बाई स्वतः आल्या आणि एवढंच बोलल्या. घराला आता 28 वर्षं झाली, स्लॅब गळतोय, दुरुस्तीला पैसा नाही, मुलगा परत येणार नाही. "मी एकटी मेले तर तुम्हाला दोन दिवसांनी कळेल. वर-खाली माणसं असली तर बरं." त्यानंतर काही वेळ कोणी बोललंच नाही.

मी चार गोष्टी मांडल्या. पार्किंगखाली 20,000 लिटरचा हौद, चार मीटर बाय अडीच मीटर, दोन मीटर खोल, म्हणजे पाणी सुटेल तेव्हा सगळ्यांनी एकदम मोटारी लावण्याची वेळ येऊ नये आणि मोठा हौद पाणी असेपर्यंत सावकाश भरत राहावा. गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये. काकांच्या स्वयंपाकघराकडे एकही मोठी खिडकी नको, फक्त वर झरोके. आणि चौथी, तळमजल्यावर जिन्यामागे एक खोली, मोरीसकट, भाड्यानं देण्यासाठी.

चौथी गोष्ट नियमात बसत होती. 352 मधले 330 वापरून 22 मीटर शिल्लक राहत होते आणि मला 15 पुरेसे होते. बिल्डरनं नकाशा बघितला आणि लगेच म्हणाला, "एका गाडीची जागा जाते सर. टू बीएचकेवाला पार्किंगशिवाय घेणार नाही." गाडीची जागा अडीच मीटर बाय पाच, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. सिस्टरची खोली तेरा.

मी तेव्हा जोर धरला नाही. पहिल्या तीन गोष्टी लेखी मिळत होत्या, काकांना त्या मान्य होत्या, बाईंना घाई होती. चौथीसाठी भांडलो असतो तर कदाचित पहिल्या तीनही गेल्या असत्या, असं मी स्वतःला सांगितलं. ते कितपत खरं होतं, याचा विचार मी अजूनही करतो.

छोटी घरं बांधायला लावणारा नियम आहे, पण तो इथवर पोचत नाही. 4,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या जागेच्या ले-आउटमध्ये अल्प उत्पन्न गटासाठी 20 टक्के वाटा ठेवण्याची तरतूद यूडीसीपीआरमध्ये 10 लाखांवरच्या शहरांसाठी ठेवलेली. जनगणना 2011 चीच आणि तिच्यात सोलापूर 9,51,558. आणि लागू असती तरी 200 मीटरच्या प्लॉटला तिचा काय उपयोग? आमच्या कॉलनीसारख्या ठिकाणी एकावेळी एकच घर पडतं आणि एकच इमारत उभी राहते. एकाही टप्प्यावर कोणी मोठा निर्णय घेतलेला नसतो, आणि वीस वर्षांनी बघावं तर वस्ती वेगळीच झालेली असते.

नंतर

2023 च्या उन्हाळ्यात इमारत पूर्ण झाली. आधी जे चांगलं झालं ते सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे.

सहा चुली, 21 माणसं. विकलेल्या चार फ्लॅटमध्ये चार तरुण कुटुंबं आली. एक जण चिंचोळी एमआयडीसीत, एक केगावच्या विद्यापीठात, दोघं दुकानदार. कॉलनीच्या मोकळ्या जागेत दहा वर्षांनी पोरांचा गलका ऐकू यायला लागला. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं दुकान बंद करायचं ठरवलं होतं, त्यानं उलट फ्रीज वाढवला. बाईंना रात्री बरं वाटेनासं झालं तेव्हा समोरच्या फ्लॅटमधल्या मुलानं त्यांना सात रस्त्याच्या पुढे दवाखान्यात नेलं. मुलाला पुण्याला फोन नंतर गेला. हौदाचंही बरोबर ठरलं. काकांच्या टोकाला पाणी पूर्वी जेवढं यायचं तेवढं येतं. जास्त नाही, पण कमीही झालं नाही. आधी झालेल्या इमारतींच्या वेळी ते दर वेळी कमी होत गेलं होतं.

आता दुसरी बाजू. तळमजल्यावर पार्किंग असल्यानं बाई पहिल्या मजल्यावर राहतात. गुडघे गेलेले. एवढ्या उंचीला लिफ्टची सक्ती नव्हती आणि बिल्डरनं ती घातली नाही. ओटा गेला. त्या ज्वारी निवडायला आता बाल्कनीत बसतात, आणि रस्त्यानं जाणाऱ्याशी बोलायचं तर वरून ओरडावं लागतं. शिक्षिका असल्यानं आवाज अजून चांगला आहे, पण आठवड्यातून दोनदाच खाली उतरतात. नकाशा करताना मी त्यांच्या वयाचा विचार केला नव्हता, हे मला त्यांच्या जिन्यात त्यांच्याबरोबर चढताना कळलं. दर चार पायऱ्यांना त्या थांबतात.

रिक्षावाल्या मामांच्या कुटुंबाला कुंभारीत घर मिळालं. असंघटित कामगारांसाठी रे नगरमध्ये 30,000 घरांची वसाहत ठरली, त्यातल्या 15,000 घरांचा ताबा 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते देण्यात आला. त्याआधी याच कुंभारीत विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकर वसाहत झाली, 10,000 घरांची. हे काम मोठं आहे आणि त्यामागे कामगारांचा कितीतरी वर्षांचा लढा आहे. मामींच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा घर झालं. मी गेलो तेव्हा त्यांनी मला भिंतीला हात लावून दाखवला. "हे आपलं." पण मामांचं गिऱ्हाईक जुळे सोलापुरात आहे. सकाळी शाळेची पोरं, दुपारी दवाखाना, संध्याकाळी क्लास. अक्कलकोट रोडवरून शहरात रिकामी रिक्षा आणायची आणि रात्री रिकामी न्यायची, यात दिवसाच्या गॅसचा मोठा हिस्सा जातो. दोन वेळा ते रात्री रिक्षातच झोपले.

सिस्टर सोरेगावच्या पुढे गेल्या. एक गुंठा जागा, 1,089 चौरस फूट, त्यावर पत्र्याच्या दोन खोल्या. खरेदी कशी झाली हे मी विचारलं, तेव्हा त्यांनी बाँडपेपर दाखवला. नोंदणी नाही. तिथे चाळीस-पन्नास घरं अशीच आहेत, मधले रस्ते जेमतेम पंधरा फुटांचे, ड्रेनेज नाही, पाणी टँकरचं. त्या म्हणाल्या, "भाड्यानं खोली बघितली सर, तुमच्याच बाजूला. आता सगळे फ्लॅटच देतात. वन बीएचकेचं भाडं माझ्या अर्ध्या पगाराएवढं." रात्रपाळी सोडून त्यांनी दिवसपाळी घेतली, कारण मुलीला रात्री एकटं ठेवता येत नाही. दिवसपाळीचा भत्ता कमी.

म्हणजे आमच्या कॉलनीत दाटी वाढली तशी शहराच्या कडेला विरळ वस्तीही वाढली, एकाच घराच्या पाडण्यानं. सहा फ्लॅट इथे वर गेले आणि दोन संसार तिकडे आडवे पसरले. त्या गुंठ्यांपर्यंत उद्या पाण्याची लाइन, रस्ता, ड्रेनेज न्यावं लागेल. तेरा मीटरची एक खोली इथे ठेवणं त्यापेक्षा किती स्वस्त होतं, हा हिशेब मांडण्याची जागा आपल्या कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

दाटीला माझा विरोध नाही, उलट मी तिच्या बाजूचा आहे. विजापूर रोडला लागून, शाळा-दवाखाने-बाजार जवळ असलेल्या जागेत दोनशे मीटरवर एकच म्हातारं माणूस राहावं हे परवडणारं नाही. प्रश्न येतो तो कोणासाठी दाटी, याचा. 71 च्या 135 झाल्या यात वाईट काही नव्हतं, त्यात त्या 37 धरून राहिल्या असत्या तर. जुन्या सोलापूरच्या एका वाड्यात पुढे मालक, मागे मागवाला, वर विद्यार्थी, जिन्याखाली म्हातारी असे राहत. त्या वाड्यांचे हाल मला ठाऊक आहेत, एक संडास आणि वीस माणसं. ते दिवस परत यावेत असं मी म्हणत नाही. पण वेगवेगळ्या ऐपतीची माणसं एका उंबऱ्याआड राहू शकतात हे आपण इथेच करून बसलो होतो, आणि बंगल्यांच्या काळातही ते टिकलं होतं, मागच्या खोल्यांमध्ये. ते गेलं गेल्या पंधरा वर्षांत.

मालकांना दोष देण्यात अर्थ नाही. खोली दिली तर भाडेकरू निघणार नाही ही धास्ती अजून जात नाही, अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार असूनही. आणि तीन खोल्यांचं मिळून जेवढं भाडं, तेवढं एका वन बीएचकेचं एकट्याचं येतं.

या मार्चमध्ये काका माझ्याकडे आले. आई गेली. मुलगी म्हणते आहे घर पाडून बांधू. या वेळी त्यांनी चहा घेतला. मी त्यांना सांगितलं, नकाशा करतो, पण दोन गोष्टी आधी. पहिली, तुमची पायरी दोन फूट आत घ्यायची, घर पाडायच्या आधी, आत्ताच. ती त्यांनी पुढच्या आठवड्यात स्वतः उभं राहून फोडली, आणि समोरच्या दोघांनी त्यांचे वाफे काढले. आमच्या टोकाला रस्ता आता सव्वाआठ मीटर भरतो.

दुसरी गोष्ट त्यांच्या नकाशात आहे. पाच फ्लॅट. तळमजल्यावर पुढच्या बाजूला पार्किंग, मागे त्यांची स्वतःची जिना न चढता जाता येईल अशी खोली, आणि शेजारी दहा बाय चौदाची आणखी एक, मोरीसकट, वेगळ्या दाराची. बिल्डर त्यासाठी तयार नाही. काका म्हणाले, मग बिल्डर नको, बँकेचं कर्ज काढून आपणच बांधू, वेळ लागू दे. त्या खोलीच्या भिंतीची रेघ मी काल पक्की केली. खिडकी पूर्वेला घेतली आहे आणि शेगडीचा कट्टा तिच्याखाली. सिस्टरना अजून फोन केलेला नाही. परवानगी हातात आली की करणार आहे.